मिस बोदीचा काळा पाव

३ फेब्रुवारी
नोकरी गेली. हॉस्टेलचा नवा मालक शनिवारी बेटावर उतरला आणि आज सकाळी त्याने मला बोलावून सांगितलं की, आता पाहुणे खोल्या फोनवरूनच घेतात, दारात माणूस लागत नाही. अकरा वर्षं त्या दारात बसणारा माणूस मीच. निरोपाची भेट म्हणून हॉस्टेलचं नाव छापलेली टोपी मिळाली. ऊन कडक होतं, म्हणून तीच घालून घरी आले.

दुपारी बहीण लिस्बेटचा आमच्या देशातून, ओडेन्सहून, फोन. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी माझ्या आवाजावरून ओळखलं. म्हणाली, "आता बास झालं, बोदिल. बासष्ट वर्षांची झालीस. तळघरातली खोली रंगवून घेते तुझ्यासाठी."
"खिडकी आहे का तिला?"
"आहे की. अर्धी."

संध्याकाळी मिस अल्वेरा आली. ती रोज चार वाजता डोक्यावर टोपली घेऊन नारळपाव विकायला निघते आणि परतताना माझ्या पायरीवर टेकते. बातमी तिला माझ्याआधीच कळलेली असणार, कारण आल्या आल्या, 'जेवलीस का' म्हणावं तशा सुरात तिने विचारलं, "मग आता काय विकणार?"
"मी कशाला काय विकू?"
"इथं राहायचं तर काहीतरी विकावं लागतं, पोरी. जो विकत नाही तो घरात बसतो. घरात बसलेला गोरा माणूस टिकत नाही, मी पाहिलेत कितीतरी. आधी दाढी वाढते, मग परतीची बोट पकडतो."
"मला दाढी नाही, मिस अल्वेरा."
"येईल," ती म्हणाली.

९ फेब्रुवारी
ठरलं. आईचा काळा पाव करायचा. राय या आमच्याकडच्या थंडीतल्या धान्याचं पीठ, आंबवण, मीठ आणि वर शहाजिरं. या बेटावर चार हॉटेलं आणि दोन रेस्टॉरंटं आहेत आणि सगळीकडे तोच मऊमऊ पांढरा नाही तर गोडुस नारळपाव. दाताला काम असलेला पाव कुठेच नाही. लोक वाट पाहत असणार, फक्त आपण कशाची वाट पाहतोय हे त्यांना माहीत नसणार.

राजधानीत, मानाग्वाला, पीठ सांगितलं आहे, चार पोती. तिथून ब्लूफिल्ड्स बंदर, मग जहाजाने शेजारच्या मोठ्या बेटावर, मग इकडे. लिस्बेटला सांगितलं. ती म्हणाली, "आईचा पाव? आपण तो टेबलाखाली कुत्र्याला द्यायचो." मला असं काही आठवत नाही.

१ मार्च
पीठ पोचलं. हातगाडीवाल्याने पोती ओट्यावर टाकली आणि विचारलं, "सिमेंट का?"

आंबवण आईच्या घरी तीन दिवसांत तयार व्हायचं, इथे दुपारपर्यंत बरणीबाहेर आलं. पण पाव जमला. एकेक दोन किलोचा. कापताना सुरी मध्येच अडकली. आईच्याही पावात अडकायची, म्हणजे लक्षण चांगलं.

मिस अल्वेराला पहिला तुकडा दिला. ती चावत राहिली. मी विचारलं, "कसा आहे?" तिने बोट वर करून थांब म्हणून खुणावलं. आणखी चावला. शेवटी पाणी मागितलं आणि म्हणाली, "पोट भरलं."
"एवढ्याशा तुकड्याने?"
"उद्याचंसुद्धा."
पौष्टिक आहेच तो.

४ मार्च
तीन दिवसांत दोन पाव गेले. एक मिस अल्वेराने घेतला, एक शेजारच्या झुलेमाने. हॉटेलवाले म्हणतात, कळवतो. लिस्बेट म्हणते, एप्रिलमध्ये तिकिटं स्वस्त असतात. खरं लिहायचं तर आज दुपारी मी आरशात हनुवटी बघितली.

८ मार्च
दिवस पालटले. कॅप्टन ऑर्लिन परवा एक पाव घेऊन गेला होता. टूरिस्टांना प्रवाळावर पोहायला नेणारी सर्वांत मोठी बोट त्याची. आज सकाळी साडेसहाला दारात हजर.
"मिस बोदी, रोज सहा मिळतील का?"
"सहा?"
"काल कुणाला पुरला नाही. नुसती झुंबड. कण राहिला नाही शिल्लक."
"लोणी लावून दिलात का?"
"नाही हो, तसाच. हाताने तोडायचा आणि द्यायचा."
मी विचारलं, कुठले होते लोक, कारण जर्मन किंवा पोलिश असतील तर त्यांना या चवीची ओळख असणार. ऑर्लिनने जरा वेळ समुद्राकडे पाहिलं. म्हणाला, "असे नेमके कुठले ते नाही सांगता येणार. पट्ट्यापट्ट्यांचे जास्त होते."
पोहायच्या कपड्यांबद्दल म्हणत असावा. या वर्षी तशी फॅशन दिसते.

जाता जाता त्याने एक सूचना केली. पाव अजून थोडा घट्ट झाला तर बरं, ओल्या हातात भुगा होता कामा नये. धंदेवाईक माणूस आहे. मी पीठ वाढवलं.

१५ मार्च
रोज सहा ऑर्लिनचे, शिवाय त्याच्या भावाच्या बोटीला दोन. लिस्बेटला आकडा सांगितला. तिने तो पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, "आणि ते परत येतात? घ्यायला?"

झुलेमा रोज फक्त कड मागते. तिच्या सात महिन्यांच्या मुलीला माझा पाव आवडतो. आज त्यांच्याकडे डोकावले तर बाळ जमिनीवर बसून दोन्ही हातांनी ती कड हिरडीवर घासत होतं. झुलेमा म्हणाली, "मिस बोदी, देव तुमचं भलं करो. चार रात्री झोपलो नव्हतो आम्ही." कड सोमवारची होती आणि अजून पुरती शाबूत. नारळपावाचं असं होतं का?

२२ मार्च
एक गोष्ट मनाला टोचते आहे. मिस अल्वेराची पंचेचाळीस वर्षांची विक्री आणि मी आले मध्येच. आज तिच्या अंगणात गेले. मनात जुळवाजुळव करूनच गेले होते.
म्हटलं, "मिस अल्वेरा, मला तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. तुम्ही म्हणाल तर मी आठवड्यातले चारच दिवस भट्टी लावीन."
तिने ॲप्रन उचलून तोंडावर धरला. खांदे हलत होते. एवढी कणखर बाई, पण शेवटी मन असतंच. मी पाठीवरून हात फिरवला. जरा वेळाने ॲप्रनमधूनच आवाज आला, "नको, नको. तू लाव रोज. माझं मी बघते."
मन मोठं आहे तिचं. उलट आता आठवड्याला दोन पाव घेते माझ्याकडून. तिच्या कोंबड्यासुद्धा हल्ली काय तुकतुकीत दिसताहेत. विचारलं तर म्हणाली, "खाणं बदललंय त्यांचं."

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
चौदा पाव. बेटावर पाय ठेवायला जागा नाही, मानाग्वाचे लोक सुट्टीला आलेत. पहाटे चारपासून भट्टीपुढे उभी. हात आंबवणाने खरखरीत झालेत, साबणानेही वास जात नाही. अकरा वर्षं लोकांना टॉवेल आणि किल्ल्या दिल्या, पण कुणी म्हटलं नाही की तुझ्या किल्लीवाचून चालत नाही. आज ऑर्लिन म्हणाला, "मिस बोदी, तुमच्या पावाशिवाय बोट काढायची सोय राहिली नाही. ते वाटच बघत असतात."
लिस्बेटला कळवलं की, खोली दुसऱ्या कुणाला द्यायची तर दे. ती म्हणाली, थांबते थोडी. ती पहिल्यापासूनच संशयी.

२२ एप्रिल
प्रवाळावर कुणा बाईच्या बोटाला मासा चावला म्हणे. जखम किरकोळ, पट्टी लावून भागली, पण डायव्हिंगवाले चिडलेत. मासे माजलेत, माणूस दिसला की अंगावर येतात, असं त्यांचं म्हणणं. उद्या शाळेत सभा आहे. मिस अल्वेराने विचारलं, जाणार आहेस का? म्हटलं, माझा काय संबंध, माझं पीठ भिजतंय. ती म्हणाली, "बरंय. नकोच जाऊस."

२४ एप्रिल
ऑर्लिन आला. टोपी काढून हातात धरली होती, ती सारखी फिरवत होता. उद्यापासून पाव नको.
"का?"
"सीझन संपला ना, मिस बोदी."
माझ्या ओट्यावरून धक्का दिसतो. धक्क्यावर निदान तीस माणसं पायात रबरी पंख घालून बदकांसारखी चालत होती. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यानेही बघितलं.
"पावात काही बिघडलं का? खरं सांगा."
"छे. तसा पाव दुसरा नाही. कुणाला करता येणार नाही." हे मात्र तो अगदी मनापासून बोलला. एक मोठा लाल मासा माझ्या पायरीवर ठेवला आणि घाईघाईने निघून गेला.

त्याच्या भावानेही नको म्हणून सांगितलं.

२५ एप्रिल
काल मासा चिरला. एवढा चरबीचा मासा मी या पाण्यातला कधी पाहिला नव्हता. पोटात काळसर चिकट गोळा होता. टाकून देणार, तेवढ्यात त्यात शहाजिऱ्याचा दाणा दिसला. एक नाही, बरेच. वास घेतला. आंबवणाचा वास मी झोपेतही ओळखीन.

म्हणजे कुणीतरी माझा पाव पाण्यात फेकला. विकत घेतलेलं अन्न समुद्रात फेकणारा कोण टूरिस्ट आहे ते कळलं पाहिजे. एकाच्या उद्धटपणापायी ऑर्लिनने सगळ्यांचाच पाव बंद केला असेल. उद्या त्याच्या बोटीवर जाते आणि समोरासमोर विचारते.

२६ एप्रिल
गेले. ऑर्लिनने मला बोटीत चढताना पाहिलं आणि इंजिन सुरू करायचं विसरला. मी म्हटलं, माशाच्या पोटात माझा पाव सापडला, फेकणारा दाखवा. तो म्हणाला, "मिस बोदी, आज राहू द्या. वारा आहे." वाऱ्याचं नाव नव्हतं. मी पुढच्या फळीवर बसून राहिले.

प्रवाळापाशी नांगर टाकला. बोटीत आठ माणसं होती. पाव नव्हताच, त्यामुळे कुणी काही फेकलं नाही. मी ऑर्लिनला म्हटलं, पाण्यातला चष्मा द्या. पाच-सहा वर्षांत मी पाण्यात तोंड घातलं नव्हतं. इथे राहणारे आम्ही पोहत नाही, पोहणाऱ्यांसाठी काम करतो.

उतरले. आधी निळं पाणी आणि माझाच श्वास. मग ते आले. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, शंभर असतील, दोनशे असतील. बाकीच्या आठ जणांना सोडून सगळे माझ्याकडे आले. माझ्या बोटांना, नखांना, मनगटाला तोंडं लावायला लागले. चावत नव्हते, शोधत होते. हातांना आंबवणाचा वास होता ना. त्यांनी मला ओळखलं.

वर आले. ऑर्लिनने हात देऊन बोटीत घेतलं. मी विचारलं, "पट्ट्यापट्ट्यांचे?"
"हो," तो म्हणाला.
"सगळे सहा? रोज?"
"गुड फ्रायडेला चौदा."
शाळेतल्या सभेत माशांना पाव घालायला बंदी झाली, हे त्याने परत येताना सांगितलं.

३० एप्रिल
चार दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलंही नाही. भट्टी बंद, दार बंद. लिस्बेटला फोन केला, म्हटलं, तिकीट काढ. तिने का म्हणून विचारलं नाही आणि मला त्याचाच जास्त राग आला. तीस मेचं तिकीट आहे.

२ मे
मिस अल्वेरा आली. दार वाजवलं नाही, खिडकीतूनच बोलली. "दाढी आली का?"
उघडलं. ती पायरीवर बसली, मी उंबऱ्यात.
"सगळ्या बेटाला ठाऊक होतं?"
"पाद्रीबाबांनासुद्धा."
"आणि मला कुणी सांगितलं नाही."
"तू विचारलंस कधी? तू विचारायचीस, आवडला ना? त्याला एकच उत्तर असतं."
मी म्हटलं, दया म्हणून कुणी माझा पाव विकत घ्यायला नको होता. तशी ती माझ्याकडे वळून बसली.
"दया? ऑर्लिन? त्याने सख्ख्या मेहुण्याला कधी फुकट दोरी दिली नाही. अगं, माझा पाव पाण्यात टाकला की लगेच विरघळतो, माशांच्या तोंडीही लागत नाही. तुझा पाव शेवटच्या तुकड्यापर्यंत टिकतो. टूरिस्ट खूश, मासे खूश. त्याचा धंदा तू दुप्पट केलास."
"आणि तुम्ही घ्यायचात तो?"
"कोंबड्या."
"पहिला तुकडा तर खाल्लात ना?"
"तो खाल्ला," ती म्हणाली. "त्याची आठवण या बाजूच्या दाढेला अजून आहे."

मला रागवायचं होतं. पण तेवढ्यात झुलेमा बाळाला घेऊन आली आणि बाळाचा ओठ खाली ओढून मला दाखवला. खालचे दोन दात आले होते, तांदळाएवढे. "तुमच्या पावाच्या कडेवरच आलेत," ती म्हणाली, "दुसरं काही चालतच नव्हतं." मिस अल्वेरा वाकून बघत म्हणाली, "बघ. बेटावर एक तरी गिऱ्हाईक खरं होतं. त्याला दात नव्हते एवढंच."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे असेल, बरगडीत कळ आली.

१२ मे
मिस अल्वेराचा गुडघा गेला. काल चार वाजता टोपली भरून ठेवली आणि तिला उठताच येईना. मला निरोप पाठवला. जाऊन पाहिलं तर गुडघ्याला केळीचं पान बांधून बसलेली. सूज दिसत नव्हती, पण आतून असेल.
"चार दिवस टोपली फिरव," म्हणाली. "तीस तारखेपर्यंत तुला दुसरं काय काम आहे?"
हे खरं होतं.

गेले. टोपली डोक्यावर ठेवणं जमलं नाही, कमरेवर धरली. धक्क्यापासून शाळेपर्यंत आणि मागच्या वाटेने परत. तीन पाव गेले. लोकांना वाटलं, कुणाकडे तरी पोचवायला निघाले आहे.

मिस अल्वेराने टोपलीत डोकावून पाहिलं. "मौनव्रत घेतलंयस का? हाक द्यायची असते."
"मला नाही जमायचं ते. आमच्या गावी घराला आग लागली तरी माणूस शेजाऱ्याचं दार हळूच वाजवून सांगतो."
"म्हणून तर तुझं गाव सोडून आलीस," ती म्हणाली. "काय आहे ते सांगायचं नुसतं. नारळपाव. गरम. यात लाजण्यासारखं काय आहे?"

१३ मे
आज ठरवून गेले. वाटेवरच्या पहिल्या आंब्याच्या झाडाखाली उभी राहिले, आजूबाजूला कुणी नाही असं बघून हाक दिली. माझ्याच कानाला ती हाक वाटली नाही, कुणीतरी पायावर दगड पाडून घेतल्यासारखी वाटली. झुलेमाचा कुत्रा खाटेखाली गेला. दोन घरांतून बायका बाहेर आल्या, कोण पडलं म्हणून. आल्याच होत्या, तर त्यांनी पाव घेतले.

दुसरी हाक शाळेपाशी. तिसरी धक्क्यावर. तिथे ऑर्लिन दोर गुंडाळत होता. त्याने मान वर न करता तशाच सुरात हाक परत दिली, आणि मग त्याच्या भावाने, आणि मग तिथले सगळेच. मला वाटलं, चेष्टा करताहेत. करतच होते. पण टोपली तिथेच रिकामी झाली. ऑर्लिनने दोन घेतले आणि माझ्यासमोर उभा राहून एक आख्खा खाल्ला. मी बघतेय याची खात्री करून घेत होता.

३० मे
सकाळची बोट गेली. मी गेले नाही. मिस अल्वेराचा गुडघा अजून बरा नाही आणि अशा अवस्थेत तिला सोडून जाणं बरं दिसत नाही. लिस्बेटला तसं सांगितलं.
"किती दिवस?" तिने विचारलं.
"ते गुडघ्यावर आहे."
ती हसली. का हसली ते कळलं नाही. खोली आता एका विद्यार्थ्याला देणार आहे. म्हणाली, "त्याला अर्धी खिडकी पुरते."

६ जुलै
आता पीठ मळायलाही मीच जाते. नारळाचं दूध किती घालायचं ते मिस अल्वेरा खुर्चीतून सांगते आणि मी मोजायला गेले की ओरडते. कालचे पाव माझे एकटीचे होते. तिने एक तोडून खाल्ला. मी काही विचारलं नाही. शेवटचा घास संपवून ती स्वतःहून म्हणाली, "दुसरा दे."

२८ ऑगस्ट
काल मोठ्या बेटावर खेकड्याच्या साराचा सण होता. सगळं बेट बोटींमध्ये भरून गेलं. मिस अल्वेरा पिवळा झगा घालून आली आणि दुपारी बारापासून ऊन उतरेपर्यंत नाचली. आधी पाद्रीबाबांच्या भावाबरोबर, मग ऑर्लिनबरोबर, मग कोण एका म्हाताऱ्या खलाशाबरोबर, जो तिला मधेच 'जरा दम घेऊ दे' म्हणून विनवत होता. येताना बोटीत ती उडी मारून चढली.

आज चार वाजता तिच्याकडे गेले तर पुन्हा गुडघ्याला पान बांधून बसलेली. मला काळजी वाटते. हे साधं दुखणं नाही. सबंध दिवस काही नसतं, नेमकं टोपली भरली की उठतं. मी तिला बजावून सांगितलं की, ब्लूफिल्ड्सला जाऊन डॉक्टरला दाखवा, अशी दुखणी अंगावर काढू नयेत.

ती म्हणाली, "दाखवीन की. पण घाई कसली आहे? तू आहेस ना."